तो सेमीकोलन वाचतो कोण?

विषय ऐकून काही जणांच्या मनात आलं असेल, की यात तासभर बोलण्यासारखं आहे काय? एक नवी टर्मिनल विंडो उघडायची, तिच्यात तीन-चार कमांड्स एकामागून एक चालवायच्या आणि काम झाल्यावर विंडो उघडी ठेवायची. संपला विषय. पण ज्यांनी हे करून बघितलंय त्यांना विचारा. पहिल्या फटक्यात सहसा जमत नाही. विंडो लुकलुकते आणि गायब होते. नाहीतर नवी विंडो उघडते, पण दुसरी कमांड जुन्याच विंडोत सुरू होते. मग माणूस कुठून तरी एक ओळ उचलतो, ती चालते, आणि ती का चालली या भानगडीत कोणी पडत नाही. आज आपण नेमके त्याच भानगडीत पडणार आहोत. कमांड्स आपण एरवी तोंडाने म्हणतो तशाच सांगतो, म्हणजे मागच्या रांगेलाही कळतील.

उबंटूवर बसलोय असं धरा. प्रोजेक्टचं फोल्डर आहे ‘दुकान’. सकाळी आल्यावर आधी नवा कोड ओढायचा, मग सर्व्हर चालू करायचा. नवी विंडो उघडणारा प्रोग्राम म्हणजे जीनोम-टर्मिनल. नवशिका हौसेने लिहितो:

जीनोम-टर्मिनल -- गिट पुल && एनपीएम स्टार्ट

नवी विंडो उघडते, त्यात गिट पुल होतं, विंडो मिटते. आणि सर्व्हर? तो तुमच्या जुन्या विंडोत सुरू झालेला असतो, तोही बहुतेक पुल पूर्ण व्हायच्या आत. असं का? कारण ही अख्खी ओळ आधी वाचली ती तुम्ही बसलेल्या शेलने, म्हणजे टाईप केलेल्या ओळीचा अर्थ लावून कमांड्स चालवणाऱ्या प्रोग्रामने. त्याला मध्ये दोन अँपरसँड दिसले. त्याच्या लेखी तिथे एक कमांड संपली आणि दुसरी सुरू झाली. नव्या विंडोपर्यंत ते अँपरसँड पोचलेच नाहीत. सेमीकोलनचंही तेच. आज जेवढे घोटाळे आपण बघणार आहोत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हे चिन्ह वाचणार कोण?

आता दुसरा प्रकार. जीनोम-टर्मिनल -- सीडी दुकान. विंडो उघडते आणि म्हणते, सीडी नावाचा प्रोग्रामच नाही. फोल्डर बदलायला रोज शंभरदा वापरतो ती सीडी नाही म्हणजे काय! तर सीडी हा डिस्कवर ठेवलेला स्वतंत्र प्रोग्राम नाही, ते शेलच्या पोटातलं काम आहे. काही सिस्टिम्सवर, उदाहरणार्थ मॅकवर, मानक पाळायचं म्हणून सीडी नावाची फाईल ठेवलेली असते. पण ती चालते, स्वतःपुरतं फोल्डर बदलते आणि मरते. तुम्ही होता तिथेच राहता. टर्मिनलला जेव्हा आपण ‘हे चालव’ म्हणतो, तेव्हा ते एक प्रोग्राम शोधतं आणि चालवतं. एकच. त्याला ना सीडी कळते, ना सेमीकोलन.

हे असं का आहे, यासाठी थोडं मागे जावं लागेल. टर्मिनल ही एके काळी खरीखुरी वस्तू होती. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू केलं तेव्हा समोर टेलिटाइप असायचा, म्हणजे तारेने जोडलेला, कागदावर खटखट छापणारा टंकलेखक. तो काहीही समजून घेत नव्हता; दाबलेलं अक्षर पलीकडे पाठवायचं आणि आलेलं छापायचं, एवढंच त्याचं काम. समजून घेणारं शेल पलीकडे कॉम्प्युटरवर चालायचं. १९७८ मध्ये डेक कंपनीचा व्हीटी-१०० टर्मिनल आला, कागद जाऊन काच आली, पण कामाची वाटणी तीच राहिली. १९८४ मध्ये एक्सटर्म आलं, तेव्हा ते यंत्र सॉफ्टवेअर झालं आणि विंडोत शिरलं. आजही टीटीवाय (टेलिटाइपचंच लघुरूप) ही कमांड देऊन बघा, /डेव्ह/पीटीएस/० असं काहीतरी उत्तर येईल. टेलिटाइपचं नाव अजून टिकून आहे. म्हणजे विंडो वेगळी, शेल वेगळं. आपल्याला दोन्ही एकदमच दिसतात, म्हणून एकच वाटतात.

सेमीकोलन कळतो तो शेलला. १९७१ च्या थॉम्पसन शेललाही तो कळत होता. दोन अँपरसँड आले ते स्टीफन बोर्नच्या शेलबरोबर, जे १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बाहेर पडलं. मग उपाय सरळ आहे. टर्मिनलला एकच प्रोग्राम हवा ना? तो प्रोग्राम म्हणून शेलच द्या, आपलं नेहमीचं बॅश, आणि कमांड्सची पूर्ण माळ त्या शेलच्या हातात ठेवा:

जीनोम-टर्मिनल -- बॅश -सी 'सीडी ~/दुकान && गिट पुल && एनपीएम स्टार्ट'

इथे सिंगल कोट म्हणजे बंद पाकीट. बाहेरच्या शेलने ते उघडायचं नाही, जसंच्या तसं पुढे सरकवायचं. पाकीट उघडतं ते नव्या विंडोतलं बॅश. डबल कोट वापरलेत तर पाकीट अर्धवट उघडं: डॉलर, बॅकटिक यांचा अर्थ बाहेरच्या शेलमध्येच लागून जातो. ‘डॉलर पीडब्ल्यूडी’ डबल कोटात लिहिलंत तर जुन्या विंडोचं फोल्डर छापलं जाईल, सिंगल कोटात लिहिलंत तर सीडी केल्यानंतरचं. कधी आपल्याला पहिलं हवं असतं, कधी दुसरं. पण माहीत असून निवडावं.

आता अँपरसँड की सेमीकोलन? अनेक जण सवयीने सेमीकोलन टाकतात. ही ओळ बघा: ‘सीडी बिल्ड; आरएम -आरएफ *’. ‘बिल्ड’ फोल्डर असेल तर ठीक. नसेल तर सीडी फसते, सेमीकोलनला त्याचं सोयरसुतक नाही, आणि तुम्ही उभे असाल त्या फोल्डरातलं सगळं साफ. दोन अँपरसँड असते तर सीडीने शून्य सोडून दुसरा कोड परत केल्याबरोबर गाडी तिथेच थांबली असती. शेलच्या जगात शून्य म्हणजे यश, बाकी सगळे आकडे अपयशाचे. माझं मत विचाराल तर सीडीनंतर सेमीकोलन लिहूच नये.

बरं, कमांड्स चालल्या. पण काम झालं की विंडो मिटते, आणि एरर आली असेल तर वाचायलाही मिळत नाही. मिटणारच, कारण विंडो ज्या प्रोग्रामसाठी उघडली होती तो संपला. एक्सटर्मला ‘-होल्ड’ आहे, केडीईच्या कॉन्सोल या टर्मिनललाही होल्ड आहे. विंडो राहते, पण ते नुसतं बघायला. त्यात काही टाईप करता येत नाही, कारण आत शेलच उरलेलं नसतं. काम पुढे चालू ठेवायचं असेल तर माळेच्या शेवटी ‘; एक्झेक बॅश’ जोडतात. एक्झेक म्हणजे आहे त्या प्रोसेसच्या जागी नवं बॅश बसवायचं. सीडीने बदललेलं फोल्डर कायम राहतं, एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल्स कायम राहतात. एक्स्पोर्ट न केलेली मात्र जातात. आणि इथे सेमीकोलनच हवा बरं का, अँपरसँड नाही. आधीचं काम फसलं तरी विंडो उघडी राहायला हवी, तेव्हाच तर तिची खरी गरज.

इथवर बरेच जण येतात. पुढचं फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून इथे जरा थांबतो. दोन विंडो उघडा. एकीत पायथनचा छोटा वेब सर्व्हर: ‘पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर; एक्झेक बॅश’, दुसरीत फाईलमध्ये येणाऱ्या नव्या ओळी दाखवत राहणारं टेल: ‘टेल -एफ सर्व्हर.लॉग; एक्झेक बॅश’. दोन्हीत कंट्रोल-सी मारा. पहिलीत सर्व्हर थांबतो आणि प्रॉम्प्ट येतो. दुसरी विंडो खाडकन बंद. ओळ एकसारखी, वागणं वेगळं! कारण असं: कंट्रोल-सीचा सिग्नल एकट्या टेलला जात नाही, बाहेरच्या बॅशलाही जातो. बॅश लगेच मरत नाही, ते वाट बघतं की पोरगं कसं गेलं. टेल सिग्नलनेच मेलं, तर बॅश समजतं की मालकाला सगळंच थांबवायचं होतं, आणि तेही स्वतःला संपवतं. एक्झेकपर्यंत गाडी जातच नाही. पायथनचा सर्व्हर मात्र तो सिग्नल पकडतो, ‘निघतो’ असा निरोप छापतो आणि शून्य देऊन रीतसर बाहेर पडतो. म्हणून बॅश पुढच्या कमांडवर जातं. यावर उतारा म्हणजे माळेच्या सुरुवातीला ‘ट्रॅप : आयएनटी;’ लिहायचं. मधला कोलन म्हणजे काहीच न करणारी कमांड. बॅशला सांगितलं, की सिग्नल आला तर काही करू नकोस, पुढे चल. कोलनऐवजी रिकामे कोट टाकू नका. तसं केलंत तर सिग्नलकडे दुर्लक्ष करण्याचा वारसा टेललाही मिळतो, आणि मग कंट्रोल-सी मारून मारून बोटं दुखतील, टेल हलणार नाही.

आणखी एक नेहमीची तक्रार: ‘माझे अलायस चालत नाहीत’, ‘एनव्हीएम सापडत नाही’. -सी दिलेलं बॅश इंटरॅक्टिव्ह नसतं, ते तुमची बॅशआरसी फाईल, म्हणजे अलायस (कमांड्सना आपण दिलेली टोपणनावं) वगैरे जिथे लिहिलेले असतात ती, वाचत नाही. ‘बॅश -आय -सी’ म्हणा, वाचेल. पण मला त्याहून बरी वाटते ती वेगळी वाट. एक छोटी फाईल करा, पहिल्या ओळीत ‘सोर्स ~/.बॅशआरसी’, खाली तुमच्या कमांड्स, आणि टर्मिनलला सांगा: बॅश --आरसीफाईल ती-फाईल. मग एक्झेकची कसरत नको. त्या फाईलमधली व्हेरिएबल्स, फंक्शन्स सगळं प्रॉम्प्टवर हाताशी राहतं.

फोल्डरचं नाव बाहेरून येणार असेल तर सावध. आपल्याकडे फोल्डरला ‘नवीन बिलं मार्च’ असं मोकळी जागा सोडून नाव देणारे घरोघरी आहेत, ते तरी निरुपद्रवी. लिनक्सवर नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, सेमीकोलनसुद्धा. असं नाव तुम्ही माळेत चिकटवलंत की नव्या शेलला ते नाव वाटत नाही, कमांड वाटते. म्हणून नाव माळेत ओवायचं नाही, शेजारून द्यायचं:

बॅश -सी 'सीडी "$१" && एनपीएम स्टार्ट; एक्झेक बॅश' _ "$फोल्डर"

अंडरस्कोर डॉलर-शून्याची जागा भरतो, फोल्डर डॉलर-एकमध्ये जाऊन बसतं, आणि त्यात काय लिहिलंय याचा अर्थ कोणी लावत बसत नाही.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. ‘स्टार्ट सीएमडी /के "अमुक && तमुक"’. /के म्हणजे विंडो ठेव, /सी म्हणजे मिटव. तिथे सेमीकोलनने कमांड तुटत नाही. बिनशर्त पुढे जायचं तर एकेरी अँपरसँड. मॅकवर ‘ओएसएस्क्रिप्ट’मधून टर्मिनलला ‘डू स्क्रिप्ट’ म्हणून ओळ द्यायची. तिथली पद्धत निराळी आहे: नव्या विंडोत आधी नेहमीचं शेल उघडतं आणि तुमची ओळ जणू हाताने टाईप केल्यासारखी त्यात पडते. त्यामुळे विंडो मिटण्याचा आणि अलायसचा प्रश्नच येत नाही. या बाबतीत मॅकची चाल मला जास्त शहाणी वाटते.

स्क्रिप्टमधून जीनोम-टर्मिनल बोलावणाऱ्यांना एक सूचना. ही कमांड पाठीमागे चालू असलेल्या जीनोम-टर्मिनलच्याच सर्व्हरला निरोप देते आणि लगेच परत येते. आतलं काम संपेपर्यंत थांबायचं असेल तर ‘--वेट’ द्यावं लागतं. आणि जुन्या लेखांत दिसणारं ‘-ई’ आता कालबाह्य आहे. त्यात दिलेली ओळ शेलकडे जातच नव्हती, म्हणून कित्येकांचे सेमीकोलन तिथे वाया गेले.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: ‘विंडोची फुली दाबली तर आतला सर्व्हर मरतो का?’ बहुतेक वेळा मरतो. टर्मिनल गेलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आतल्या शेलला हँगअपचा सिग्नल पाठवतो. हाही टेलिफोनची तार तुटायच्या काळातला. इंटरॅक्टिव्ह बॅश तो आपल्या जॉब्जना पुढे देतं. जीनोम-टर्मिनल आधी विचारतं, की आत काहीतरी चालू आहे, बंद करू का, आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. सर्व्हर जगायला हवा असेल तर त्याला विंडोच्या पोटात ठेवूच नका. विंडोवर अवलंबून न राहता शेल चालू ठेवणारे प्रोग्राम आहेत: १९८७ पासून स्क्रीन आहे, २००७ पासून टीमक्स. ‘टीमक्स न्यू-सेशन -डी -एस दुकान’ असं म्हटलं की विंडोशिवाय सेशन उभं राहतं. मग ‘सेंड-कीज’ने कमांड्स पाठवायच्या. त्या मॅकसारख्याच, टाईप केल्यागत जातात. फक्त शेवटी ‘एंटर’ हा शब्द वेगळा द्यायला विसरू नका, नाहीतर ओळ प्रॉम्प्टवर नुसती लिहिलेली राहते. नवी विंडो उघडायची ती बघण्यापुरती: जीनोम-टर्मिनल -- टीमक्स अटॅच -टी दुकान. तिची फुली खुशाल दाबा. सर्व्हर चालू राहील, आणि दुपारी दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने येऊन तेच सेशन पुन्हा जोडता येईल.