घटसर्प: पाचव्या वर्षी राहून जाणारी लस

मंडळी, नमस्कार. समोर आई-वडील बसलेत, बालवाडीच्या ताई आहेत, वस्तीत दारोदार फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका आहेत. आपण परळमध्ये बसलो आहोत. लशी आणि प्रतिविषांच्या कामासाठी सगळ्या देशाला ठाऊक असलेली हाफकिन संस्था इथेच आहे, आणि साथीच्या रोगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकर जिथे धाव घेतात ते कस्तुरबा रुग्णालय चिंचपोकळीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. एवढं सगळं जवळ असूनही या शहरात घटसर्पाने मूल दगावू शकतं. ते का, हे मला आज सांगायचं आहे.

या रोगाचे जंतू घशात राहतात. तिथून ते फारसे पुढे सरकत नाहीत, आणि तरीही माणसाचं हृदय बंद पडतं. हे कोडं जर्मनीत फ्रेडरिक लोफ्लर यांना १८८४ साली पडलं होतं. त्यांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला, प्राण्यांना टोचला, प्राणी मेले. पण जंतू सापडले ते फक्त टोचल्या जागी. बिघडलेल्या अवयवांत एकही नाही. मग जंतू काहीतरी विष सोडत असला पाहिजे, असा त्यांचा कयास होता. चार वर्षांनी पॅरिसमध्ये रू आणि येरसँ या संशोधकांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी टोचून तेच परिणाम दाखवले, आणि कयास खरा ठरला.

हे विष पेशीत शिरतं आणि तिचं प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतं. पेशी मरते. घशात मेलेल्या पेशी, रक्तातले घटक आणि जंतू यांचा मिळून एक करडा-पांढरा पडदा तयार होतो. तो खालच्या भागाला घट्ट चिकटलेला असतो, खरवडला तर रक्त येतं. काही घरांत बोटाला कापूस गुंडाळून तो पुसायचा प्रयत्न होतो. कृपा करून असं कधीही करू नका. पडदा खाली श्वासनलिकेकडे पसरला तर मूल गुदमरतं. मानेच्या गाठी इतक्या सुजतात की हनुवटी आणि छाती यांच्यामधली मानच दिसेनाशी होते.

सुरुवात मात्र अगदी साधी असते. घसा दुखतो, गिळायला त्रास होतो, अंगात कणकण असते. ताप फार चढत नाही, आणि म्हणूनच घरचे निर्धास्त राहतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. घसा सुधारतो, मूल उठून बसतं, खेळायला मागतं, घरी जायचा हट्ट धरतं. आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हृदयाच्या स्नायूवरचा परिणाम दिसू लागतो, ठोके अनियमित होतात. काही मुलांना पाणी प्यायलं की ते नाकातून परत येतं, कारण टाळूचे स्नायू लुळे पडलेले असतात. हातापायांची शक्ती तर कित्येक आठवड्यांनीसुद्धा जाऊ शकते. म्हणून डॉक्टर मुलाला अंथरुणातून उठू देत नसतील, पुन्हा पुन्हा ईसीजी काढत असतील, तर त्यांच्याशी वाद घालू नका. घशाकडे बघून या रोगातून सुटका झाली की नाही ते कळत नाही.

यावर प्रतिविष आहे. बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी १८९० साली त्याचा पाया घातला. पुढे १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंगना मिळालं ते या कामासाठीच. घोड्याच्या रक्तातून काढलेलं हे प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. पण पेशीत शिरलेल्या विषाचं ते काहीही करू शकत नाही. फलाटावरच्या माणसाला अडवता येतं, सुटलेल्या लोकलमधल्या माणसाला नाही, तसंच हे. त्यामुळे घशाच्या नमुन्याचा अहवाल यायची वाट न बघता, नुसत्या संशयावर ते द्यावं लागतं. सोबत पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं देतात, ती जंतू मारायला. आधीच सुटलेल्या विषावर त्यांचा इलाज चालत नाही. आणि एवढं सगळं वेळेत केलं, तरी दहा-वीस रुग्णांत एखादा हातचा जातोच. लहान मुलांत हे प्रमाण आणखी जास्त.

खरी वेळ असते ती लशीची. विष फॉर्मालिन आणि उष्णतेने निरुपद्रवी करून त्याचीच लस बनवता येते, हे फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं. आजही आपण तीच कल्पना वापरतो. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या वयात पंचगुणी लस, म्हणजे घटसर्पासह पाच रोगांवरची एकच लस. मग सोळा ते चोवीस महिन्यांत त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीचा) पहिला बूस्टर, आणि पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान दुसरा. नंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांवरची एकत्र लस. महापालिकेच्या दवाखान्यात हे सगळं मोफत मिळतं.

पहिले तीन डोस बहुतेक घरांत होतात, कारण बाळ तान्हं असतं आणि सगळ्यांचं लक्ष असतं. पाचव्या वर्षीचा डोस राहतो. मूल धडधाकट असतं, शाळा सुरू झालेली असते, आईला कामावर खाडा परवडत नाही, खोली बदललेली असते, कार्ड गावी ट्रंकेत असतं. मी यात आयांना बोल लावणार नाही. पण लशीची ताकद वर्षागणिक ओसरते, आणि नेमकी त्याच वयात मुलं एका बाकावर तिघं-तिघं बसू लागतात. घटसर्प आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळेतल्या मुलांत जास्त दिसतो तो यामुळेच.

“शेजारच्या सगळ्यांनी घेतलीय, आमच्या एकाने नाही घेतली तर काय होतं?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ही लस विषाविरुद्ध आहे, जंतूविरुद्ध नाही. लस घेतलेल्या माणसाच्या घशात जंतू असू शकतो. त्याला स्वतःला काही होत नाही, पण खोकल्या-शिंकेतून तो दुसऱ्याला देतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे लस न घेतलेलं एकच मूल असेल तर त्याचा धोका उरतोच. म्हणून घरात रुग्ण सापडला की बाकीच्यांचे नमुने घेतात, प्रतिजैविकं देतात, लस तपासतात. घरी आलेल्या कर्मचाऱ्यांना दार उघडा.

त्रिगुणीनंतर ताप येतो, मांडी सुजते, मूल रात्रभर रडतं. खरं आहे. एक-दोन दिवसांत ते उतरतं, डॉक्टर सांगतील त्या मापात पॅरासिटामॉल द्या. या एका रात्रीच्या भीतीने पुढचे डोस टाळणाऱ्या घरांना भेटायला स्वयंसेविकांनी पुन्हा जावं, असं मी त्यांना कळकळीने सांगतो.

डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, थांबलं तिथून पुढे जायचं. सात वर्षं पूर्ण झाली असतील तर त्रिगुणीऐवजी टीडी. कार्ड हरवलं असेल तरी दवाखान्यात जा. नोंद नसलेला डोस झालाच नाही असं धरून ते पुढचं ठरवतात. घटसर्प होऊन बरं झालेल्या मुलालाही लस लागते, कारण आजारातून पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असं नसतं.

मोठ्यांनो, तुम्हीही यात आहात. सोव्हिएत संघ मोडला त्या काळात, १९९०च्या दशकात, तिथे घटसर्पाची साथ पसरली. दीड लाखाच्या वर रुग्ण झाले, आणि त्यांत मोठी माणसं फार होती. पत्रा लागला, खिळा घुसला की आपण ‘धनुर्वाताचं इंजेक्शन’ घ्यायला जातो. सरकारी लसीकरणात आता टीटीच्या, म्हणजे नुसत्या धनुर्वाताच्या लशीच्या, जागी टीडी आली आहे. गरोदर बायकांनाही तीच देतात. तिच्यात धनुर्वातासोबत घटसर्पाचीही लस असते. खाजगी डॉक्टरकडे गेलात तर कुठलं इंजेक्शन देताय ते विचारा आणि टीडी मागा.