फुंकर मारायला सांगणारा रोबो

नमस्कार मंडळी! लहानपणी गुडघा फुटला की घरी पहिला उपचार कोणता? हळद नंतर. आधी फुंकर. आज या फुंकरीचीच गोष्ट आहे, फक्त ती घडते कॅनडात आणि त्यात एक रोबो आहे.

कॅल्गरी विद्यापीठाच्या प्राध्यापक तान्या बेरान यांनी 4 ते 9 वयाची 57 मुलं घेतली. सगळ्यांना फ्लूची लस टोचायची होती. टोचणार सिस्टरच. काहींना नेहमीसारखीच टोचली. बाकीच्यांसमोर टेबलावर उभा होता 'नाओ' हा रोबो. उंची जेमतेम 58 सेंटिमीटर, म्हणजे दुकानातल्या मोठ्या बाहुलीएवढा. आधी गप्पा, हाय-फाइव्ह. आणि सुई जवळ आली की तो मुलाला सांगतो, या खेळण्यातल्या बदकावर धूळ बसलीय, जरा फुंकर मारून उडव ना!

मूल फुंकतं. तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेरही येते.

आता यात गंमत काय आहे बघा. घाबरलेलं मूल दंड आवळून धरतं आणि आवळलेल्या दंडात सुई जास्त दुखते. फुंकायचं म्हणजे लांब श्वास सोडायचा, मग दंड आपोआप सैल पडतो. शिवाय लक्ष बदकावर असतं. 2013 मध्ये निकाल छापून आला: रोबो समोर असलेल्या मुलांना कमी दुखलं.

तुम्ही म्हणाल, हे तर आपल्याकडच्या सिस्टरही करतात. करतात की! "ती बघ, चिमणी!" पण चिमणी कधीच नसायची. दुसऱ्या डोसला आपण वर बघायचोच नाही. रोबो निदान समोर खरोखर उभा तरी असतो.

बरं, सुई म्हणजे दोन सेकंदांचं काम. ज्या मुलाला आठवडाभर ॲडमिट राहायचंय, त्याचं काय? इथे मला दुसरा प्रयोग जास्त आवडतो. अमेरिकेतलं बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटल आणि तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सिंथिया ब्रेझील यांचा गट. त्यांचा रोबो म्हणजे 'हगेबल', निळं टेडी अस्वल. 3 ते 10 वयाच्या 54 मुलांपैकी काहींना हे अस्वल मिळालं, काहींना टॅबलेटच्या पडद्यावरचं तेच अस्वल, आणि काहींना साधं कापसाचं. रोबो मिळालेली मुलं जास्त खुलली, जास्त हलली. टॅबलेटवाली मात्र बहुतेक एकाच जागी बसून राहिली. टॅबलेट हातात आला की मूल कसं बसतं, ते मी तुम्हाला सांगायला नको!

आता आतली बातमी. ते अस्वल स्वतःच्या डोक्याने बोलत नव्हतं. खोलीबाहेर एक माणूस बसून त्याला चालवत होता, चाइल्ड लाइफ स्पेशलिस्ट. परदेशातल्या रुग्णालयांत असे स्पेशलिस्ट असतात. मुलांशी खेळता खेळता पुढे काय होणार ते समजावून सांगणं हेच त्यांचं काम. म्हणजे अस्वल हे एका अर्थाने त्यांचं बाहुलीनाट्य.

म्हणून कुणी "रोबो आला, आता माणूस कशाला" म्हणालं की मला हसू येतं. काही लाखांचा नाओ घेतलात तरी त्याची बॅटरी तास-दीड तासात उतरते. आणि मूल दचकून उठतं ते रात्री तीनला, तेव्हा नाओ कोपऱ्यात चार्जिंगला असतो, आणि कॉटशेजारी स्टुलावर पेंगत असते ती आईच.