फुग्याची भीती

नमस्कार श्रोतेहो.

वाढदिवसाला निघायची वेळ झाली की मुलगा दाराशीच फतकल मारतो. बूट घालू देत नाही, एकच प्रश्न पंधरा वेळा विचारतो, मनगट चावून घेतो. घरचे म्हणतात, "हट्टी झालाय." त्याच्या मनात मात्र एवढंच असतं, की तिथे फुगे असतील आणि त्यातला एखादा कधीही फुटेल.

हा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. अशा मुलांमध्ये साधारण ४० टक्के मुलांना चिंतेचा एखादा विकारही असतो. हे आजच कळलेलं नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हाच 'सगळं जसंच्या तसं राहावं' या धडपडीमागची चिंता त्यांनी टिपली होती.

अशा भीतीवर सीबीटी ही विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी उपचारपद्धती उपयोगी पडते, पण आहे तशी नाही. बोलणं कमी, चित्रं जास्त, आणि आईवडील सोबत. अमेरिकेत ७ ते १३ वर्षांच्या १६७ मुलांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी बदलून घेतलेली पद्धत नेहमीच्या सीबीटीपेक्षा सरस ठरली. 'तुला कसं वाटतंय?' या प्रश्नाला यातली बरीच मुलं अडखळतात, कारण छातीतली धडधड म्हणजे भीती, हे त्यांना आतून उमगतच नाही. आगगाडीवेड्या मुलाला सिग्नल दाखवा. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे थोडी भीती, लाल म्हणजे खूप भीती. तो बरोबर बोट ठेवतो.

मग पायऱ्या. आधी फुग्याचं चित्र. मग न फुगवलेला फुगा हातात. मग अर्धा फुगवलेला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. लाल पिवळ्यावर आला की पुढची पायरी. शेवटी टाचणी त्याच्याच हातात द्यायची! आवाज कधी होणार हे त्याचं त्याला ठाऊक असतं, आणि निम्मी भीती तिथेच ओसरते.

आपली चूक कुठे होते? मूल रडलं की आपण वाढदिवसच रद्द करतो. त्याला हायसं वाटतं आणि पुढच्या खेपेला भीती दुप्पट होते. मायेपोटी होतं हे, मीही केलंय. उलट टोकाला, 'सवय होईल' म्हणून गर्दीत ढकलणारेही भेटतात, आणि त्यांचा मला जास्त राग येतो. काही मुलांना आवाज खरोखरच बोचतो. त्यांना कानावर आवाजरोधक लावू द्या, त्यात हार कसली? चिडचिड अचानक वाढली असेल तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा.

थेरपिस्टकडे जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: "या आठवड्यात घरी नेमकी कोणती पायरी करायची?" उत्तर गोलमोल आलं, तर पुन्हा विचारा.

नमस्कार.