आत्याचा बंदा रुपया

मंडळी, पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव 'नाण्यांचे पाच शत्रू' असं छापलंय. ते मीच दिलं, कारण चिटणीस फोनवर म्हणाले, आकडा घाला, आकडा असला की लोक येतात. तुम्ही आलात. बाहेर एवढा पाऊस असून आलात, म्हणजे एक तर तुमच्याकडे नाणी आहेत, नाही तर घरचे दिवे गेलेत. पाचही शत्रू सांगणार आहे. पण आधी आत्याची गोष्ट सांगतो. तिच्यात दोन शत्रू आपोआप येतात, तेवढाच वेळ वाचेल.

आमची आत्या रत्नागिरीला दिलेली. तिच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे एक चांदीचा रुपया असायचा. पंचम जॉर्जचा, साल १९११. बघा, साल ऐकल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या तिघांनी माना वर केल्या. बाकीच्यांसाठी सांगतो. या रुपयावर राजाच्या अंगावरच्या झग्यात एक हत्ती आहे, मानाच्या साखळीतला. केवढा, तर साबुदाण्यापेक्षा लहान. ठसा कोरणाऱ्यानं त्याची सोंड आखूड काढली, पायही आखूड काढले, आणि लोकांना तो डुक्कर वाटला. राजाच्या छातीवर डुक्कर! धर्म बुडाल्याची ओरड झाली. सरकारनं बरेचसे रुपये मागे घेऊन वितळवले आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला रीतसर सोंड दिली. तेव्हापासून संग्राहकांत १९११ चा तो 'पिग रुपी'. विलायतेहून एवढं साम्राज्य चालवलं, पण हत्ती काही जमला नाही.

मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा तिकिटं बघायचं भिंग घेऊन आत्याच्या ओसरीवर तो रुपया पहिल्यांदा पाहिला. काळसर, करडा, आणि दाढीच्या केसाकेसांत राप बसलेला. राप हा शब्द मला फार आवडतो. उन्हातान्हात हिंडलेल्या माणसाचा चेहरा रापतो तसं नाणंही रापतं. इंग्रजीत त्याला पाटिना म्हणतात आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात. चांदीवरचा हा राप म्हणजे हवेतल्या गंधकाशी धातूचा संयोग होऊन झालेला पातळ थर. त्या काळोखामुळेच कोरीव काम उठून दिसतं. मला डुक्कर स्पष्ट दिसलं. शेपटीसकट.

'आत्या, हा मला दे.' 'लक्ष्मी अशी मागून मिळत नाही रे बाळा.' संपलं.

आता पुढचं ऐका. दर लक्ष्मीपूजनाला आत्या तो रुपया आधी दुधानं, मग पाण्यानं धुवायची. इथवर माझी फारशी तक्रार नाही. पण त्यानंतर परसात बसून चिंच आणि चुलीतली राख. तांब्याच्या तपेल्याला जो न्याय, तोच पंचम जॉर्जला. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. सोनार वजनाला रुपयेच वापरायचे ते उगाच नाही. त्यात चांदी ९१.७ टक्के, उरलेलं तांबं. चिंचेतलं आम्ल तांब्याला आधी धरतं आणि राख म्हणजे बारीक वाळूच. डोळ्यांना दिसत नाही, पण दर दिवाळीला थोडी चांदी मोरीतून वाहून जाते. आत्याला मी हे एकदा समजावलं होतं. ती म्हणाली, 'मग काय, पारोशी लक्ष्मी पाटावर बसवू?' याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

माझं लग्न ठरलं. केळवणाला आत्या आली आणि तिनं हातात सोनाराच्या गुलाबी कागदाची पुडी ठेवली. पुडीच्या वजनावरूनच मी ओळखलं. पुडी उघडेपर्यंत ती म्हणाली, 'तुला द्यायचा म्हणून सोनाराकडून जिल्हई करून आणलाय हो. कसा नवा दिसतोय!'

मंडळी, तो चमच्यासारखा चकाकत होता. सोनारानं तो फिरत्या ब्रशावर धरला होता. रात्री भिंग लावून बघितलं. दाढी होती, दाढीतले केस नव्हते. झगा होता, पण इस्त्री केल्यासारखा सपाट. आणि छातीवर ना डुक्कर, ना हत्ती, एक टेंगूळ. ब्रिटिश सरकारला टांकसाळ लावून जे करावं लागलं, ते आमच्या सोनारानं मजुरीत करून दिलं होतं. (हशा) हसू नका, मी तेव्हा रडकुंडीला आलो होतो. आत्याला मात्र 'सुरेख झालाय' म्हणालो आणि वाकून नमस्कार केला. दुसरं काय म्हणणार?

तर हे शत्रू क्रमांक एक आणि दोन: घासणं आणि चमकवणं. चिटणीस म्हणतायत दोन्ही एकच. बरं, मग क्रमांक दोनला आपले हात घ्या. घामात मीठ असतं आणि तांब्याच्या नाण्यावर अंगठा टेकवला की काही महिन्यांनी तुमचा अंगठा तिथं उमटतो, खरेदीखतावर उमटावा तसा, आणि सहसा निघत नाही.

तिसरा शत्रू मी स्वतः पैसे देऊन घरी आणला. नोकरी लागल्यावर प्रदर्शनातून एक अल्बम घेतला, पारदर्शक मऊ कप्प्यांचा. उघडला की नव्या रेनकोटचा वास यायचा. मला तो वास श्रीमंतीचा वाटला. त्यात माझ्या शिवराया लावल्या, अकरा. शिवराई कशी असते तुम्हाला ठाऊक आहे: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची परंपरा. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, म्हणून अर्धी अक्षरं बाहेरच पडतात. माझ्याकडे 'त्र' पूर्ण उमटलेली एकच होती. अल्बम कपाटात ठेवला, बदली झाली, सात पावसाळे गेले. उघडला तर कप्पे नाण्यांना चिकटलेले, आणि त्या 'त्र'च्या खाचेत हिरवा, ओला, मधासारखा चिकट थेंब.

हे पीव्हीसी नावाचं प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात, ते हळूहळू पाझरतं. शिवाय पीव्हीसी कुजताना आम्ल सोडतं. आपल्याकडे बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे प्रत्येक आजीला माहीत. माझ्या शिवराया अल्बममध्ये कळकत होत्या, एवढंच. आजीनं ताक फेकलं असतं, मी अल्बम जपून ठेवला होता.

उपाय आहे. शुद्ध असिटोन, हार्डवेअरच्या किंवा केमिकलच्या दुकानातलं. नेलपॉलिश काढायचं सुवासिक नको. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, खिडकी उघडी, गॅस बंद. चोळायचं नाही, फक्त द्रव बदलायचा. माझ्या दहा वाचल्या. 'त्र' वाचला नाही; चिकटा निघाला, पण खाली तांबं खाऊन खळगा पडला होता.

प्लास्टिक ओळखायची एक गंमत सांगतो. तांब्याची तार चिमट्यात धरून लालभडक करा, प्लास्टिकला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. तुकडा नखाएवढाच घ्या, कारण त्या धुरानं... चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' ही चिठ्ठी लिहिलेली कधीची आहे?

बरं, भराभर. पारदर्शक पाकीट घेताना पॉलिएस्टरचं मागा, दुकानदार त्याला मायलार म्हणतात. ते कडक असतं, चुरचुर वाजतं, वास येत नाही. नाणं आत-बाहेर सरकवताना मात्र घासू देऊ नका. डबा घ्यायचा तर बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला, पॉलिप्रॉपिलीनचा. ३ असेल तर तो पीव्हीसी, ठेवून द्या परत. पुठ्ठ्याच्या चौकटीत नाणं घातलंत तर पिना चपट्या करून घ्या, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा. आणि पिना गंजतात, ते तुम्हाला कोकणात सांगायला नको.

चौथा शत्रू, दमट हवा. मुंबईत जुलैत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज असते; नाण्यांना चाळीसच्या आसपास बरी. सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. निळं असेल तर ओल शोषून गुलाबी होतं, मग तापवून पुन्हा वापरता येतं. पण ते ठेवून विसरलात तर ती नुसती खड्यांची पुडी. बँकेच्या तळघरातल्या लॉकरलाही हेच. चोर येत नाहीत तिथं ओल येते.

तांब्याच्या नाण्यावर गुळगुळीत, घट्ट हिरवट-तपकिरी थर असेल तर तो राप, त्याला हात लावू नका. पण फिकट हिरवी भुकटी, दातकोरण्यानं टोकरली की पडते आणि महिन्याभरात परत येते, ती कीड. आत क्लोराइड मुरलेलं असतं, ओल मिळाली की ते तांबं खातच राहतं. जमिनीतून निघालेल्या नाण्यांत हे फार. ते नाणं बाजूला काढा, कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

पाचवा, लाकूड, कागद आणि रबर. सातवाहनांची शिशाची नाणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी प्लायवूडच्या खणात ठेवू नयेत. लाकडातून, सरसातून आम्लाची वाफ निघते आणि शिशावर पांढरी पूड धरते. हे बोलायला मला अर्धा तास हवा होता. रबरबँडमध्ये गंधक असतं. चांदीच्या रुपयांच्या चळतीला बांधाल तर प्रत्येकाच्या कडेला काळी रेघ. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, लोकरीच्या कापडात नको. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेनं थर्माकोल विरघळतो, काही डब्यांचं प्लास्टिकही मऊ पडतं. हो, आत्याचं धुवट सुती फडकं चालेल. दुसरी चिठ्ठी आली, वाचत नाही.

तो रुपया मी आणलाय. गेली एकतीस वर्षं मी त्याला काही केलेलं नाही. आता राजाच्या कानामागे आणि मुकुटाच्या खाचेत थोडा पिवळसर राप धरायला लागलाय. छातीवर अजून टेंगूळच आहे. पहिल्या रांगेपासून देतो, मागे सरकवा. कडेला धरा. कडेला! काका, भजी खाल्लेल्या हातानं नको.