वहीतल्या चुका कशा वाचाव्यात

नमस्कार, श्रोतेहो. संध्याकाळी घरात मुलांच्या वह्या उघडल्या की आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे लक्ष सर्वांत आधी लाल शाईच्या खुणांकडे जाते. पहिली ते चौथीच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांशी आज मला त्या खुणांविषयीच बोलायचे आहे. मूल कसा विचार करते हे बरोबर उत्तरापेक्षा चुकलेल्या उत्तरातून अधिक स्पष्ट दिसते, आणि ते पाहण्याची संधी आपण बहुधा "लक्ष कुठे होतं तुझं?" एवढे विचारून घालवतो.

एक उदाहरण घेऊ. दुसरी-तिसरीतल्या मुलाने 42 मधून 17 वजा करून उत्तर 35 लिहिले आहे. पाहणाऱ्याला हा निष्काळजीपणा वाटतो. परंतु त्याच पानावर 63 मधून 28 वजा करून 45 असे उत्तर आले असेल, तर मूल बेफिकीर नाही, ते अतिशय इमानाने एक नियम पाळत आहे, हे ओळखायला हवे. एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा तो नियम. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन वजा करते. "मोठ्यातून लहान वजा करायचे" हे वाक्य आपणच त्याला कधीतरी सांगितलेले असते. अशा वेळी त्याच प्रकारची आणखी वीस गणिते घालून दिल्यास चुकीचा नियम फक्त अधिक पक्का होतो.

त्याऐवजी खराट्याच्या काड्या घ्याव्यात, दहा-दहा काड्यांना रबर लावून चार गठ्ठे करावेत, दोन काड्या सुट्या ठेवाव्यात आणि मुलाला म्हणावे, "यातल्या सतरा काड्या मला दे." सुट्या दोनच आहेत आणि सात द्यायच्या आहेत, हे लक्षात आल्यावर मूल थोडे थांबते, आपल्याकडे पाहते आणि बहुतेक वेळा स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढते. आता सुट्या बारा झाल्या. त्यांतल्या सात दिल्या की पाच उरतात, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक दिला की दोन उरतात, म्हणजे पंचवीस. हातचा म्हणजे काय, हे त्या क्षणी मुलाला कळलेले असते; काड्यांशी जे केले तेच वहीत अंकांनी कसे लिहायचे, एवढेच त्यानंतर दाखवावे लागते. यात घाई मात्र करू नये. रबर मुलानेच काढावे, आपण काढू नये.

आपल्या भाषेतील संख्यानामांमुळे होणाऱ्या चुकाही अशाच समजून घ्याव्यात. पस्तीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि मग तीस, पण लिहिताना तीन आधी आणि पाच नंतर. त्यामुळे ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल 53 लिहिते. एकोणतीस ऐकून 39 लिहिणाऱ्या मुलाने त्यातला तीस बरोबर ऐकलेला असतो, फक्त तिसाला एक कमी हा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ संख्यानामांच्या जोडीने 'तीस पाच' अशा वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी मुलांची अडचण खरी आहे आणि ती मंदबुद्धीची खूण नाही, एवढे पालकांनी मान्य करायला हरकत नाही.

लेखनाचेही तसेच. ज्या घरात 'पानी' म्हणतात त्या घरातले मूल वहीत 'पानी' लिहिते, तेव्हा त्याने स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवून अचूक लिहिलेले असते. पुस्तकात 'पाणी' कसे लिहितात ते त्याला जरूर दाखवावे, परंतु घरची बोली अशुद्ध आहे असे कधीही सांगू नये, कारण ज्या बोलीत मूल प्रश्न विचारते आणि विचार करते तिचीच लाज वाटू लागली, तर ते वर्गात बोलणेच बंद करते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे गुरे राखण्यामुळे शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात करण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही, आणि घरातल्या अभ्यासालाही तेच लागू आहे असे मला मनापासून वाटते.

आता पालकांनी नेमके काय करावे? चुकीवर बोट ठेवण्याआधी "हे तू कसं केलंस, मला सांगशील?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबावे. हा प्रश्न बरोबर उत्तरांच्या वेळीही विचारावा, नाहीतर आई विचारते म्हणजे आपले चुकलेच, असे मूल शिकते आणि उत्तर देण्याआधीच खोडरबर हातात घेते. आपण कमी शिकलो आहोत किंवा मूल इंग्रजी माध्यमात आहे, म्हणून मागे हटण्याचे कारण नाही. शाळेत आज काय झाले ते मुलाने आपल्याला मराठीत समजावून सांगितले, तर त्यातच त्याची उजळणी होते. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यात 'पहिले पाऊल' हे अभियान झाले, तेव्हा गावोगावच्या मातांच्या गटांनी घरातल्याच वस्तू घेऊन मुलांकडून मोजणे, वर्गवारी करणे, गोष्ट सांगणे असे कितीतरी करून घेतले आणि त्यासाठी कोणाच्या पदवीची गरज पडली नाही.

प्रत्येक चूक मात्र अशी घरी सुटणारी नसते. तिसरी-चौथीपर्यंत येऊनही मूल एकेक अक्षर लावत वाचत असेल, वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरत असेल, किंवा तोंडी सगळे सांगता येऊनही लिहिताना सतत अडखळत असेल, तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत, वर्गशिक्षकांना वही दाखवावी आणि आवश्यक वाटल्यास तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची, तपासणी करून घ्यावी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. शिक्षकांना भेटायला जाताना "याचा अभ्यास कसा चालला आहे?" एवढेच न विचारता एकाच प्रकारची चूक जिथे पुन्हा पुन्हा झाली आहे अशी दोन-तीन पाने सोबत न्यावीत, म्हणजे बोलणे गुणांवरून सुरू न होता त्या पानांवरून सुरू होईल. नमस्कार.