पाव किलो भेंडीचा आलेख

(शिक्षकांच्या एका मासिक बैठकीतील व्याख्यान, थोडे संपादित करून)

काल संध्याकाळी पाव किलो भेंडी आणली. वीस भरल्या. आमच्या हिनं ती चिरायला घेतली, तर म्हटलं, थांब, आधी प्रत्येकीची लांबी मोजू, ठिपक्यांचा आलेख काढायचाय. ती काय म्हणाली ते इथं सांगत नाही.

मोजायला बसलो आणि पहिलाच प्रश्न आला: देठासकट की देठ सोडून? भेंडी वाकडी असेल तर पट्टी सरळ धरायची की शिंप्याची टेप तिच्या पाठीवरून न्यायची? मी देठासकट, टेपनं आणि जवळच्या पाव इंचापर्यंत मोजायचं ठरवलं. वर्गात हे आपण मुलांना ठरवू देत नाही, पुस्तकातले तयार आकडे देतो. मग त्यांना आलेख म्हणजे नुसतं ठिपके काढणं वाटलं तर नवल नाही.

आता आलेख. एक संख्यारेषा आखायची. माझी सर्वांत छोटी भेंडी पावणेतीन इंच, सर्वांत मोठी पाच. म्हणून 2¾ पासून 5 पर्यंत पाव-पाव इंचाच्या खुणा, सारख्या अंतरावर. प्रत्येक भेंडीसाठी तिच्या मापावर एक ठिपका. त्याच मापाची दुसरी आली की ठिपक्यावर ठिपका. ठिपके एकाच आकाराचे हवेत, नाहीतर दोन गलेलठ्ठ ठिपके तीन बारक्यांपेक्षा उंच दिसतात. आणि ठिपके रेघेनं जोडायचे नाहीत. रोजच्या तापमानाच्या आलेखात जोडतो, ती सवय इथं आड येते.

माझे ठिपके असे पडले: 2¾ वर एक, 3 वर दोन, 3¼ वर तीन, 3½ वर पाच, 3¾ वर चार, 4 वर तीन, 4½ वर एक आणि 5 वर एक. तुमच्यापैकी काहींनी आत्ता कागदावर 4 नंतर थेट 4½ लिहिलं असेल. मुलंही तेच करतात, जिथं ठिपका नाही ती खूणच गाळतात. पण सव्वाचार आणि पावणेपाच या जागा रिकाम्या आहेत हीच तर बातमी आहे. त्या गाळल्या की पाच इंची भेंडी बाकीच्यांना चिकटून उभी राहते, आणि ती एकटी पडली आहे हे कुणाला दिसतच नाही.

दुसरी गोची आपल्या भाषेनंच केलेली आहे. साडेतीन बोलताना तीन ऐकू येतं, जागा तीनच्या पुढं. पावणेचार बोलताना चार ऐकू येतं, पण जागा चारच्या मागं, आणि लिहायचं 3¾. म्हणजे कानाला चार, डोळ्याला तीन. पोरगं 4 च्या उजवीकडं ठिपका देतं ते उगाच नाही. त्याला घड्याळ दाखवा. पावणेचार वाजले म्हणजे चार वाजायचेत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पुन्हा दीड आणि अडीच वेगळेच, साडेएक कुणी म्हणत नाही. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाउणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ असत. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचं राज्य म्हणतो ना, ते साडेतीन घटकांचं. घटका 24 मिनिटांची, म्हणजे राजेसाहेबांना 84 मिनिटं मिळाली!

ही औटकी मला कालच उपयोगी पडली. सगळ्या भेंड्या एकापुढं एक ठेवल्या तर लांबी किती? वीस आकडे ओळीनं मिळवायची गरज नाही, माप गुणिले ठिपके. पाच औट साडेसतरा, चार वेळा पावणेचार पंधरा, असं करत बेरीज आली साडेबाहत्तर इंच. सहा फूट आणि वर अर्धा इंच. वीस जणींत सारखी वाटली तर प्रत्येकी 3⅝, म्हणजे 3.625. हीच सरासरी. सुतार याला तीन इंच पाच सूत म्हणेल, कारण आठ सुतांचा इंच. गंमत बघा, या मापाची एकही भेंडी माझ्याकडं नव्हती. माझ्या रेषेवर तर त्या मापाची खूणही नाही!

मग नातवाला तीच भेंडी मोजायला दिली. त्याच्या आलेखात पाव आणि पाऊणच्या जागा एकजात रिकाम्या, सगळे ठिपके पूर्ण आणि अर्ध्यावर. भेंड्या त्याच. बदलला तो मोजणारा. आलेखात असे ठराविक अंतरावर मनोरे दिसले तर आधी मोजणाऱ्याचा हात बघायचा. जनगणनेत वयाचं हेच होतं. लोक 40, 45, 50 सांगतात, 43 किंवा 47 कमी. हा कल मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. 23 ते 62 या वयांतल्या किती जणांची वयं 0 किंवा 5 नं संपतात ते तो बघतो. कल अजिबात नसेल तर 100, आणि सगळ्यांनीच गोल वय सांगितलं तर 500.

राहिली ती पाच इंची. आमच्या हिनं तिचं टोक मोडून पाहिलं, मोडेना. जून निघाली. भाजीत एकोणीसच गेल्या. तिचा ठिपका खोडून पुन्हा पाहिलं, तर सरासरी जरा खाली सरकली, साधारण 3.55 इंचांवर आली. लांबीप्रमाणं ओळीत लावल्यावर मधोमध येणारी भेंडी मात्र आधीही साडेतीनवर होती आणि नंतरही तिथंच.