राहता देश आणि गाडीचे भाडे

श्रोतेहो, नमस्कार. परदेशात गाडी भाड्याने घेण्यासाठी वेबसाइट उघडली, की तारीख आणि विमानतळ यांच्या खालोखाल एक लहानशी चौकट दिसते: तुम्ही कोणत्या देशात राहता? न्यू जर्सीतल्या भाच्याकडे गेलो असताना मी त्या चौकटीत आधी ‘भारत’ आणि मग, निव्वळ कुतूहलापोटी, ‘अमेरिका’ निवडून पाहिले. तीच गाडी, तेच चार दिवस, तेच नेवार्क विमानतळ; पण अमेरिकेचा आकडा बराच खाली. मामाला महाग आणि भाच्याला स्वस्त, हा कुठला न्याय, असे मला वाटले.

भाच्याने दोन्ही दरांखालची बारीक अक्षरे वाचून दाखवली, तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेत राहणाऱ्याच्या स्वतःच्या मोटारविम्याचे संरक्षण बहुधा भाड्याच्या गाडीलाही मिळते, काही क्रेडिट कार्डेही नुकसान भरून देतात. म्हणून त्याला दाखवलेला दर बहुतेक वेळा नुसत्या गाडीचा असतो. बाहेरून येणाऱ्याकडे असा विमा नसणार हे धरून त्याच्या दरात गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आणि दुसऱ्याला झालेल्या इजेबद्दलचा वाढीव विमा पुष्कळदा आधीच मिळवलेला असतो. हा दुसरा विमा किरकोळ समजू नये. कॅलिफोर्नियात एका व्यक्तीच्या इजेसाठी सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा 2024 अखेरपर्यंत 15 हजार डॉलर होती, आता ती 30 हजार आहे. तिथल्या रुग्णालयाचे बिल ज्याने पाहिले आहे, त्याला हे किती तोकडे ते सांगायला नको.

इथे पासपोर्ट कोणता हे गौण आहे. भाचा अजून भारतीय नागरिकच आहे, पण परवाना न्यू जर्सीचा, त्यामुळे कंपनीच्या लेखी तो अमेरिकेचा. पुण्याचा परवाना घेऊन मी स्वस्त दर धरला असता, तर काउंटरवर तो बदलला असता, नाहीतर तोच विमा रोजच्या हिशोबाने वेगळा घ्यावा लागला असता.

सगळीकडे कारण विम्याचेच असते असे मात्र नाही. इस्रायलमध्ये परदेशी चलनात पैसे देणाऱ्या पर्यटकाला 18 टक्के मूल्यवर्धित कर माफ होतो, म्हणजे तेथे पाहुणाच फायद्यात. युरोपात तर विम्याचे वा कराचे निमित्त नसतानाही ग्राहकाचा देश पाहून दर चढवल्याच्या तक्रारी होत्या. 2014 मध्ये युरोपीय आयोगाने सहा मोठ्या कंपन्यांना त्याबद्दल पत्रे धाडली आणि 3 डिसेंबर 2018 पासून तसा भेदभाव रोखणारा नियम लागू झाला. तो नियम युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आणि रहिवाशांसाठी आहे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला त्याचा आधार मिळतो, सुटीपुरत्या आलेल्या त्याच्या आईवडिलांना नाही.

मी शेवटी ‘भारत’वालाच दर घेतला. काउंटरवरच्या मुलीने सवयीने विमा हवा का म्हणून विचारले; मी छापून आणलेला कागद पुढे केला. तिने विम्याच्या दोन ओळींवर पेनाने खूण केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.